कौलांखालचे लाकूड

माहीममध्ये जुन्या इमारती अजून उभ्या आहेत. 1 सप्टेंबर 1940 पूर्वी बांधलेल्या उपकरप्राप्त इमारती 'अ' वर्गात मोडतात. त्यांतल्या काहींचे छप्पर सागवानी कैच्या, वासे आणि मंगलोरी कौलांचे आहे. दर पावसाळ्यापूर्वी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ पाहणी करते आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. यादी हवीच, प्रश्न जिवाचा आहे. पण 'धोकादायक' एवढा एकच शब्द पुरेसा आहे काय?

लाकूड सगळीकडे सारखे कुजत नाही. तुळईचा मधला भाग टणक राहतो आणि भिंतीत गेलेल्या टोकाचा, पाणी मुरून, आतल्या आत भुगा होतो. वरचा रंग मात्र शाबूत! म्हणून माळ्यावर चढले पाहिजे. टोके उघडी करावीत, हातोडीने वाजवून पोकळ आवाज ऐकावा, टोच्या किती आत जातो ते पाहावे, वाळवीच्या मातीच्या रेघा शोधाव्यात. काँक्रीट तपासणारा रिबाउंड हॅमर येथे कामाचा नाही. टोकच कुजले असेल, तर पुष्कळदा तेवढेच कापून नवे लाकूड सांधता येते.

नोंदीचे मोल पॅरिसमध्ये दिसले. नोत्र दामचे ओकचे छत 15 एप्रिल 2019 रोजी जळाले. पण त्याची मोजमापे आधीच घेतलेली होती. पुनर्बांधणीत तीच उपयोगी पडली.

मित्रहो, घर सोडून संक्रमण शिबिरात जाणाऱ्या भाडेकरूच्या हाती नुसती नोटीस का द्यावी? कोणते लाकूड गेले आणि कोणते टिकले, हे त्याला कळलेच पाहिजे.