पाटी लागली, पदांचे काय?

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात मराठीचे अध्यासन व्हावे, अशी टूम इथल्या आपल्या महाराष्ट्र मंडळांत अधूनमधून निघते. देणगीदाराचे नाव कुठे झळकावे यावर खल होतो. शिकवणार कोण आणि त्याचा पगार किती वर्षे चालणार, हे मात्र 'पुढचे पुढे बघू'. मला हा क्रमच चुकीचा वाटतो.

आधी पदे मागितल्याचे एक उदाहरण पाहा. नोव्हेंबर 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजचे विद्यार्थी संपावर गेले, तेव्हा कृष्णवर्णीय अभ्यास विभागाला 20 पूर्णवेळ शिक्षकपदे द्या, अशी त्यांची एक मागणी होती. संप महिनोन्‌महिने चालला आणि 1969 मध्ये तिथे एथ्निक स्टडीजची स्वतंत्र शाखा उभी राहिली.

त्याच काळात संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, नागसेनवनात तशीच मशागत चालू होती. बाबासाहेबांनी 1950 मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे कृष्णवर्णीय साहित्याची ओळख करून देत होते. मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवत होते. प्रस्थापित मासिकांकडून ज्यांचे लेखन 'साभार परत' यायचे, त्या दलित तरुणांना तिथे जागा मिळाली. दलित साहित्याच्या विभागाची पाटी नव्हती. कायम नोकरीतले, झपाटलेले शिक्षक होते.

नावाचे मोल मी कमी लेखत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात जुलै 1978 मध्ये झाला, त्यावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि प्रत्यक्ष नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडले. ती लढाई माणूस म्हणून मान मिळवण्याची होती. पण आज महाराष्ट्रात कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात. पुढच्या सत्राची खात्री नसलेला माणूस नवे अभ्यासक्षेत्र कसे उभारणार? ग्रंथपाल आणि कार्यालयातला लिपिक नसेल, तर 'अस्मितादर्श'सारख्या नियतकालिकांचे जुने अंक जपणार कोण?

'मंडळात जातीचा विषय कशाला?' असे कुणी म्हणेल. पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष पानतावणेच होते, आणि ते संमेलन 2009 मध्ये सॅन होजेला आपणच भरवले. अध्यक्षपद चालते, तर त्यांचा दलित साहित्याचा विषयही चालायला हवा.

म्हणून यंदा देणगीचा धनादेश फाडण्याआधी विद्यापीठाला एवढेच विचारा: या पैशातून किती पदे भरणार, आणि किती वर्षांसाठी? लेखी उत्तर मिळाले, तरच सही करा.