नायक-नायिकेविना प्रेमगीत

प्रतीक कुहाडच्या 'कसूर'च्या व्हिडिओत ना बर्फाळ डोंगर, ना नाचणारी जोडी. २०२०च्या लॉकडाउनमध्ये आपापल्या घरात अडकलेली माणसं कॅमेऱ्यासमोर बसतात. प्रेमाबद्दलच्या प्रश्नांवर त्यांनी बोलायचं नाही. चेहऱ्यावर उमटेल तेवढंच उत्तर. कुणी लाजतं, तर कुणाचे डोळे भरून येतात.

एवढ्यावर गाणं तरतं, कारण ते मुळातच हळू आवाजातलं आहे.

जयपूरचा हा गायक न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकला. 'कोल्ड/मेस' हे त्याचं इंग्रजी प्रेमगीत २०१८चं. त्यात नातं तुटतही नाही आणि धड टिकतही नाही. जिम सार्भ आणि झोया हुसेन यांना घेऊन त्याचा व्हिडिओ झाला. २०१९च्या अखेरीस बराक ओबामांनी आवडत्या गाण्यांच्या यादीत ते घातलं आणि कुहाडचं नाव जगभर झालं.

हिंदीत प्रेमगीताला बहुतेकदा सिनेमाचा टेकू लागतो. पडद्यावरचा प्रसंग गाण्याला अर्थ देतो. कुहाडच्या गाण्यांत तो प्रसंग ऐकणाऱ्याने आपल्या पदरचा घालायचा असतो, आणि त्यांची खरी ताकद तीच आहे.

मात्र आता गिटार आणि कुजबुजता आवाज एवढ्याच भांडवलावर ढीगभर गाणी येत आहेत. एक संपून दुसरं कधी सुरू झालं, हेही कळू नये इतकी ती सारखी! दोष कुहाडचा नाही. पण त्याच्या पुढच्या प्रेमगीताकडून थोडा धोका पत्करण्याची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.