राणी हिराईचे चित्र कशाला हवे?

युरोपातील राण्यांची तैलचित्रे पाहून आपल्याकडील कित्येक सुशिक्षितांची अशी समजूत होऊन बसली आहे की, ज्या समाजाने आपल्या कर्तबगार स्त्रियांचे चेहरे जपले त्यालाच इतिहासाची चाड, आणि चांद्याच्या गोंड राज्याची धुरा वाहणाऱ्या राणी हिराईचे एकही विश्वसनीय चित्र नसणे हे आमच्या अनास्थेचे लक्षण. आमच्या माजरीच्या खाणवसाहतीतही हे मत तळमळीने मांडले जाते, आणि हिराईचे काल्पनिक चित्र काढवून ते शाळाशाळांतून लावावे, अशी सूचनाही होते. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. परंतु तिच्या बुडाशी असलेले गृहीतच मला सर्वथा अमान्य आहे.

युरोपातील ही चित्रे म्हणजे चेहऱ्याचा पुरावा, हेच मुळात खरे नाही. हॅटफील्ड हाऊसमधील पहिल्या एलिझाबेथचे चित्र १६०० च्या सुमाराचे. राणीचा जन्म १५३३ चा, म्हणजे तिने तेव्हा पासष्टी ओलांडलेली होती, आणि १५६२ साली ती देवीच्या दुखण्यातून कशीबशी वाचलेली होती. चित्रात मात्र मोकळ्या केसांची, नितळ कांतीची तरुणी उभी आहे. तिच्या वस्त्रावर डोळे आणि कान रेखाटले आहेत, डाव्या बाहीवर रत्नजडित सर्प आहे आणि उजव्या हातात इंद्रधनुष्य आहे. राज्यकर्तीला सारे दिसते, सारे ऐकू येते आणि तिच्यामुळेच राज्यात शांतता नांदते, असा तो जाहीरनामा आहे. १५९६ साली तिच्या मंत्रिमंडळाने राणीची अशोभनीय चित्रे शोधून नष्ट करण्याचा हुकूम काढला, तो काय सत्याच्या आवडीपोटी? आणि १७८३ साली विजे-लब्रं या चित्रकर्तीने मारी आंत्वानेतला साध्या मलमलीच्या झग्यात रंगविले, तेव्हा राणीच्या दर्जाला हे शोभत नाही असा गहजब होऊन ते चित्र पॅरिसच्या प्रदर्शनातून काढून घ्यावे लागले. तेथेही पाहिला जात होता तो राजपदाचा थाट. माणसाला त्यात फारशी जागा नव्हती.

असे असेल तर चांद्याच्या गोंडांनी काय मागे ठेवले, हे त्यांच्याच रीतीने पाहिले पाहिजे. त्यांच्या कोटाच्या दरवाजांवर राजांचे चेहरे नाहीत. तेथे हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला आहे, आणि तेच त्यांच्या सत्तेचे चिन्ह. अठराव्या शतकाच्या प्रारंभी पती बीरशहाची हत्या झाल्यानंतर हिराईने चंदनखेड्याच्या घराण्यातील अल्पवयीन रामशहाला दत्तक घेऊन त्याच्या नावाने कारभार पाहिला, अचलेश्वराजवळ बीरशहाची घुमटदार पाषाणसमाधी बांधविली, आणि महाकालीच्या देवळाची उभारणीही परंपरेने तिच्याच नावे सांगितली जाते. दत्तकाने वंश सावरला, कारभाराने राज्य टिकले आणि समाधीने पतीचे नाव राहिले. एका विधवेने हे तिन्ही साधले, यापेक्षा स्पष्ट अशी तिची ओळख कुठला चित्रकार रेखाटू शकला असता? चैत्रात महाकालीच्या यात्रेला लोटणाऱ्या हजारोंनी तिचा चेहरा पाहिलेला नाही. ते तिच्या कर्तृत्वाशी जोडलेल्या देवळात उभे असतात.

काल्पनिक चित्राला माझा विरोध आहे तो याच कारणाने. उद्याचा चित्रकार दिनदर्शिकांवरील राण्यांचा ठरीव गोरेपणा, ठरीव नथ आणि ठरीव नजर उचलून तिच्यावर चढवील, मुले तोच चेहरा खरा मानतील, आणि गोंड राणीचे गोंडपण तिच्याच गौरवाच्या नावाखाली पुसले जाईल. तसे झाल्यास आज जे थोडके निखळ आहे तेही गढूळ होईल. खर्चच करायचा तर समाधीची बारकाईने मोजणी करून तिचे रेखांकन शाळांतून लावावे, आणि चांद्याकडे जाणाऱ्या गाडीने माजरीच्या मुलांना तेथे नेऊन उंबऱ्यापासून घुमटापर्यंत हातांनी व डोळ्यांनी ती वास्तू वाचू द्यावी.

एक मागणी मात्र मी आग्रहाने करतो. हॅटफील्डच्या त्या चित्राचा चित्रकार कोण, याविषयी जाणकारांत अद्याप मतभेद आहेत, तरी चित्र राणीच्याच नावाने ओळखले जाते. चांद्याची समाधी कोणी बांधविली हे सर्वज्ञात आहे, तरी तिला आपण केवळ बीरशहाची समाधी म्हणतो. पाठ्यपुस्तकांत, फलकांवर आणि सरकारी दप्तरांत ती यापुढे ‘राणी हिराईने बांधविलेली बीरशहाची समाधी’ अशीच नोंदवावी.