भट्टी नवी, झाकण कुठंय?

क्युपोला म्हणजे जुनाट आणि इंडक्शन म्हणजे आधुनिक, असं आमच्या कोल्हापुरात हल्ली कुणीही ठोकून देतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, जिथे बघाल तिथे बिडाचं ओतकाम. त्यात माझे निम्मे नातेवाईक (वाचतायत, माहीत आहे!), म्हणून जरा स्पष्टच लिहितो.

मला हे पटत नाही. एक टन बीड वितळवून १५०० अंशांपर्यंत तापवायला हिशेबाने सुमारे ४०० युनिट पुरतात. प्रत्यक्षात चांगल्या इंडक्शन भट्टीलाही साडेपाचशेच्या आसपास लागतात, कित्येक ठिकाणी सहाशेच्या वर. जातात कुठे? भट्टीला झाकण असतं, पण भंगार टाकताना अडचण होते म्हणून ते कोपऱ्यात उभं! रस तयार, साचे तयार नाहीत, मग अर्धा तास तो नुसता गरम ठेवायचा. भंगाराची वाळू झाडायची नाही, तीही विजेवर वितळवायची. आणि ओतलेल्यातलं कितीतरी रनर, रायझर आणि रिजेक्शन होऊन परत भट्टीतच! त्याच लोखंडाला दोनदा पैसे. नवी भट्टी यातलं काय सुधारणार, सांगा बघू.

उलट त्या 'जुनाट' क्युपोलात वारा एकाऐवजी दोन ओळींतून सोडला, की वर निसटणारा कार्बन मोनॉक्साइड आतच जळतो आणि त्याची उष्णता कामी येते. १९९८ मध्ये 'टेरी'ने हावड्यात अशी भट्टी चालवून दाखवली. कोक जवळजवळ एक तृतीयांश वाचला. आमच्याकडे मात्र कोक अजून घमेल्याने, अंदाजपंचे!

एस.जी. आयर्नला कोकमधलं गंधक चालत नाही, तिथे इंडक्शनच हवी, मान्य. पण आठवड्यातून दोनदा भट्टी लावणाऱ्याने ती कर्ज काढून का घ्यावी? भट्टी थंड असली तरी डिमांड चार्ज लागतोच, बँकेचा हप्ताही थांबत नाही. काम कमी झालं की हाच बोजा कारखान्याला कुलूप लावतो. आणि 'वीज स्वच्छ' वगैरे ऐकवू नका. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. धूर शिरोलीचा कोराडीला गेला, एवढंच.

असो. तर काका, इंडक्शनचं कोटेशन खुशाल मागवा. पण त्याआधी एक महिना दर टनाला किती कोक गेला आणि किती माल परत भट्टीत गेला, ते वहीत लिहा. दिवाळीला येतो तेव्हा वही बघतो.