राग यावा, पण हात उठू नये

नांदेड असो की लातूर, शाळा सुटली की गेटसमोर पोरांची हमरीतुमरी दिसते. "माझ्याकडं का बघितलास?" एवढ्यावरून कॉलर धरली जाते. रात्री मोबाईलवर शिव्या, दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून दहा-दहा मित्र, आणि मग दगड, बेल्ट, कधी कोयताही.

लोक म्हणतात, पोरगं बिघडलं. आम्ही म्हणतो, आधी घरात डोकावा. बाप दारू पिऊन माउलीवर हात उचलतो. ते बघणारं लेकरू वर्गात वेगळं काय करणार? खेड्यातून शिकवणीसाठी शहरात खोली करून ठेवलेल्या मुलाला आपण फोनवर फक्त मार्क विचारतो. त्याच्या मनात काय साचलंय, हे कोण विचारतो?

आपल्या मुलांना आणखी एक चटका बसतो, जातीवरून मारलेल्या टोमण्याचा. त्याचा राग आलाच पाहिजे. पण तो मुठीत उतरला, तर टोमणा मारणारा सुटतो आणि आपला मुलगा पोलीस ठाण्यात बसतो. वयाची १६ वर्षे पूर्ण असतील आणि गुन्हा खुनासारखा गंभीर असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने त्याच्यावर प्रौढासारखा खटलाही चालू शकतो.

१९७८ साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यातल्या खेड्यांत आपली घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्याने ते फार सोसले. तेव्हा राग काय कमी होता? पण मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग या वाटेने समाजाने तो सोळा वर्षे तेवत ठेवला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला लागले.

हीच शिस्त मुलांना शिकवा. टोमणा झाला तर तारीख, शब्द, साक्षीदार वहीत लिहून ठेवावे. पालकाने सोबत जाऊन मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दाद लागली नाही, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या पाठीशी आहे.

आणि मारणारा आपलाच मुलगा असेल तर? त्याला टाकून देऊ नका. अंगुलीमालाच्या हातात तलवार होती, तरी तथागत त्याच्यासमोर शांतपणे उभे राहिले. तो भिक्खू झाला. पोराला रविवारी विहारात आणा, शेजारी बसवा, त्याचे ऐकून घ्या. पंचशीलातले पहिले शील नुसते तोंडपाठ असून भागत नाही. ते आधी बापाने घरात पाळावे; पोराचा हात तिथूनच खाली येईल.

जयभीम!