पोकर की पगार? तिवसा तालुक्यातल्या पोरानं राजीनामा देण्याआधी मांडायचा हिशेब

‘पोकर खेळून पगाराएवढे पैसे सुटत असतील, तर नोकरी कशाला करायची?’ हा प्रश्न एकेकाळी मुंबई-बंगळुरूच्या पोरांचा होता. स्वस्त डेटा आणि यूपीआय आलं, आणि तो तिवसासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. उत्तर भावनेनं नाही, आकड्यांनी शोधूया.

पोकर कौशल्याचा खेळ आहे का?

कौशल्य लागतंच. पण दोन एक्के हातात असले आणि समोरच्याकडे दोन राजे असले, तरी पाचातून साधारण एकदा एक्केवाला हरतो. म्हणजे चांगला खेळाडूही सलग काही महिने तोट्यात जाऊ शकतो. कौशल्य दिसतं ते हजारो डावांनंतर. घरभाडं आणि किराणा मात्र दर महिन्याला लागतो.

कायद्याचंही एकमत नाही. गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये पोकरला जुगार मानलं. पश्चिम बंगालच्या जुगारविरोधी कायद्यात मात्र पोकरला वगळलेलं आहे. महाराष्ट्रात १८८७ चा कायदा चालतो. तो ‘निव्वळ कौशल्याच्या’ खेळांना सूट देतो, पण पोकरचं नाव घेत नाही.

जिंकलं तरी हातात किती?

प्रत्येक डावातून चालवणारा आपला वाटा कापतो. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवर ३० टक्के टीडीएस लागू झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडू भरेल त्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला.

खरी मेख पुढे आहे. समजा, एका वर्षी २ लाख जिंकलात, पुढच्या वर्षी २ लाख हरलात. खेळात हिशेब शून्य. पण पहिल्या वर्षीचा ६० हजार कर गेला तो गेलाच, कारण हा तोटा पुढच्या-मागच्या वर्षाच्या कमाईतून वजा करता येत नाही.

मग २०२५ मध्ये काय बदललं?

संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सगळेच बंदीच्या कक्षेत आले. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी तेव्हाच पैशाचे खेळ थांबवले. या कायद्याविरुद्धच्या याचिका सुप्रीम कोर्टात गेल्या.

ज्यांनी नोकरी सोडून हाच धंदा धरला होता, त्यांचं ‘ऑफिस’ एका आठवड्यात बंद झालं. नोटीस पीरियड नाही, पीएफ नाही, अनुभवाचा दाखलाही नाही. परदेशी साइटवर खेळलं आणि पैसे अडकले, तर दाद मागायची कुणाकडे?

गोव्याचा पर्याय?

तिथे कॅसिनोंना परवाना आहे, टेबलवर पोकर चालतो. पण तिवसा ते पणजी म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा. प्रवास, मुक्काम, जेवण हे सगळं जिंकण्याआधीच खिशातून जातं.

मग ठरवायचं कसं?

तिवसा तालुक्यात घरची शेती म्हणजे कपाशी, सोयाबीन, तूर, नाहीतर संत्रा. पाऊस आणि भाव, दोन्ही आपल्या हातात नाहीत. घरात एक बेभरवशाचं उत्पन्न आधीच आहे. अशा घरात लहानसा पगारही आधार असतो. बँक कर्ज देताना सॅलरी स्लिप मागते, जिंकलेल्या डावाचा स्क्रीनशॉट नाही.

व्यावसायिक खेळाडू घरखर्चाचा पैसा आणि खेळाचा पैसा वेगळा ठेवतो. सगळं हरलं तरी घर चालेल, एवढी शिल्लक तुमच्याकडे आहे का? नसेल, तर तो धंदा नाही. घर पणाला लावणं आहे.

खेळ आवडतो? पैसे न लावता खेळा, त्याला कायद्याची आडकाठी नाही. आणि हरलेलं भरून काढायला उसनवारी सुरू झाली असेल, तर घरात बोला, किंवा १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ हेल्पलाइनवर फोन करा.