अरुंद नाल्यावर आखूड काठीच योग्य

पिसांचा कृत्रिम कीटक पाण्यावर टाकून मासा धरण्याच्या, ज्याला फ्लाय फिशिंग म्हणतात त्या विद्येविषयी आपल्याकडील हौशी मंडळींत असा एक समज दृढ झाला आहे की, काठी जितकी लांब तितकी ती श्रेष्ठ, आणि नऊ फुटांहून आखूड काठी म्हणजे केवळ मुलांचे खेळणे. हा दावा मोठ्या, उघड्या पात्राच्या नदीवर पुष्कळ अंशी खरा आहे, हे प्रारंभीच कबूल करतो. परंतु तोच दावा वांकिडीसारख्या मुलखातील ओढ्यानाल्यांवर लादणे हा एका इलाख्याचा कायदा दुसऱ्या इलाख्यात चौकशीवाचून अमलात आणण्यासारखा अन्याय आहे.

हा मुलूख कसा आहे ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. वांकिडी हे आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि 2016 साली जिल्ह्याची फाळणी झाल्यापासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. राजुरा तालुकाही 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबादच्याच दफ्तरी होता, म्हणून या भागात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा आजही शेजारी नांदतात. साग, बांबू, पळस यांच्या पानझडी रानातून येथले नाले वाहतात. त्यांच्या काठांवर करंज, जांभूळ, निर्गुडी आणि घाणेरी यांची अशी दाटी असते की, माणसाला पाण्याशी पोचण्यासाठी वाकावे लागते, आणि पाण्याशी पोचल्यावर डोक्यावर मोकळे आकाश क्वचितच सापडते.

लांब काठीच्या पक्षकारांचा पहिला आधार परंपरेचा आहे. इंग्लंडात चार्ल्स कॉटन याने 1676 साली ट्राउटच्या नदीसाठी पाच-सहा यार्डांची काठी सांगितली, हे खरे. परंतु त्या काळी दोरी सामान्यतः काठीच्या टोकालाच बांधलेली असे, आणि हातातील रिळातून सोडावयाची जादा दोरी नसल्यामुळे लांब पोचण्याचे सगळे काम काठीच्याच लांबीला करावे लागे. ज्या कारणाने तो नियम जन्मला ते कारण रिळाच्या प्रसाराबरोबर नाहीसे झाले. कारण गेल्यावर नियमाला केवळ वयाच्या बळावर चालू ठेवणे विवेकाला धरून नाही.

दुसरा आधार जपानच्या टेंकारा पद्धतीचा. डोंगरी ओढ्यांवर अकरा ते तेरा फुटांच्या, रिळ नसलेल्या काठीने तेथील लोक सुरेख मासेमारी करतात, तेव्हा अरुंद पाण्यावरही लांबीच उपयोगी, असा हा युक्तिवाद आहे. त्यात एक वस्तुस्थिती गाळली जाते. मोठमोठ्या शिळांतून उतरणाऱ्या ओढ्यावर काठी वर उचलण्यास अवकाश असतो, आणि दोरी प्रवाहाच्या वर तोलून धरणे हाच तेथे लांबीचा फायदा असतो. जेथे फांद्या हातभर उंचीवर आडव्या आल्या आहेत, तेथे तेरा फुटांची काठी उचलताच तिचे टोक झाडात अडकते, आणि जो लाभ अवकाशावर अवलंबून होता तो अवकाशाबरोबरच संपतो.

तिसरा आक्षेप असा की, आखूड काठी मोठ्या माशापुढे टिकत नाही. याचे उत्तर अनुभव आणि यंत्रशास्त्र दोन्ही देतात. अमेरिकेतील ख्यातनाम मत्स्यशिकारी ली वुल्फ याने दोन औंसांहूनही हलक्या, सहा फुटी काठीवर अटलांटिक सामन मासे धरले. काठी ही तरफच असून मासा तिच्या टोकाला ओढतो. तेव्हा तिची लांबी वाढेल तितका त्या ओढीचा जोर मनगटावर अधिक येतो. लांबी माशापेक्षा माणसालाच अधिक थकवते.

एक आक्षेप मात्र अर्धसत्य म्हणून मान्य केला पाहिजे : आखूड काठीने दोरी फेकणे अवघड जाते. त्याचे कारण पुष्कळदा काठीच्या लांबीत नसून दोरीच्या निवडीत असते. या विद्येत काठीला वाकवते ते कीटकाचे वजन नव्हे, दोरीचे. आणि दोरीचा क्रमांक तिच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो. चार क्रमांकाच्या दोरीचे ते वजन 120 ग्रेन भरते. नाल्यावर दहाच फूट दोरी बाहेर असते, तेव्हा काठीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वजन सहसा मिळत नाही. म्हणून काठीवर चार लिहिले असेल तर पाच क्रमांकाची दोरी लावावी. जेथे मागे हात नेण्यासही जागा नाही, तेथे कीटक गळाच्या वळणाशी चिमटीत धरून, काठी धनुष्याप्रमाणे ताणून सोडावी; दोरी फांद्यांखालून सरळ पुढे जाते. हे कार्य सहा-सात फुटी काठीने जसे साधते तसे नऊ फुटीने साधत नाही.

आता विधायक बाजू : अशी आखूड काठी आपल्याच मुलखात घडवता येते. एकोणिसाव्या शतकात, चीनचा टोंकिन बांबू रूढ होण्यापूर्वी, अमेरिकेतले काठी घडवणारे कारागीर हिंदुस्थानातून जाणारा, कलकत्ता या नावाने ओळखला जाणारा बांबू वापरीत असत. ज्या देशाने तो बांबू पुरवला त्याच देशातील हौशी माणसाने विदेशी काठीच्या किमतीपुढे हताश व्हावे, याचे मला मनापासून दुःख होते. आदिलाबाद-चंद्रपूर पट्ट्यात मानवेल जातीचा बांबू विपुल. सिरपूर-कागजनगरचा 1938 साली स्थापन झालेला कागद कारखाना याच रानांच्या बांबूवर पोसला गेला. हा बांबू जाड भिंतीचा आणि बऱ्याचदा भरीव असतो. पावसाळा सरल्यावर, रस उतरल्यावर तोडलेला, सावलीत वाळवलेला आणि विस्तवावर सरळ केलेला सात फुटी बारीक बांबू, त्याच्या टोकाला जवळपास तेवढीच दोरी बांधली की, अरुंद नाल्याला पुरेसा होतो. बुरुडांच्या हातांना हे काम अपरिचित नाही. त्यांच्याकडून योग्य मोबदल्याने ते करून घ्यावे.

आखूड काठीचा एक नैतिक गुणही आहे : ती माणसाला पाण्याजवळ नेते, आणि जवळ गेलेल्याला पाण्याची प्रकृती कळते. बॅरिल जातीचे चपळ मासे पृष्ठभागावर पडलेला कीटक टिपतात, हे तो पाहतो. पावसाळ्यात मासे अंडी घालण्यास वर चढतात, हेही पाहतो. त्या ऋतूत गळ टाकू नये, उन्हाळ्यात आटलेल्या डोहांना हात लावू नये आणि संरक्षित वनात परवानगीवाचून पाऊल टाकू नये.

तात्पर्य, लांब काठी निषिद्ध नाही. तिची हद्द उघडे पात्र ही आहे. वाचकांस विनंती इतकीच की, दुकानात काठीची लांबी विचारण्यापूर्वी आपल्या नाल्याची रुंदी आणि त्यावर झुकलेल्या फांद्यांची उंची एकदा मोजावी, आणि त्या मापाप्रमाणे काठी निवडावी.